करडं आणि पिल्लं: परसात पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

आमच्या घरामागे अडीच गुंठे मोकळी जागा आहे. तुळजापूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव. पुण्याची नोकरी सोडून आम्ही इथं राहायला आलो आणि पहिल्याच हौसेत एका आठवड्यात पंचवीस पिल्लं आणि दोन करडं घरी आणली. सहा महिन्यांनी नऊ कोंबड्या आणि एक करडू उरलं. वही काढून बसले तेव्हा लक्षात आलं की उपासमारीनं एकही गेलं नव्हतं. काही आमच्या अज्ञानानं गेली, पण बरीचशी आमच्या लाडानं. जास्त दूध, जास्त दाणा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं उचलून घेणं. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे, आणि नंतरच्या वर्षांत पशुवैद्यकांकडून आणि सासूबाईंकडून शिकलेलं.

१. आधी जागा, मग जनावर

करडं आणि पिल्लं एकाच महिन्यात आणू नका. दोघांनाही पहिले तीन आठवडे रात्री उठून बघावं लागतं. आधी पिल्लं आणा, ती दोन महिन्यांची झाली की शेळीचं बघा.

मोठ्या शेळीला छताखाली दहा ते बारा चौरस फूट जागा लागते, करडाला तीन-चार. उघडं आवार त्याच्या दुप्पट असावं. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की उन्हाळ्यात ऊन आत कमी येतं. फरशी घालू नका, मुरूम दाबून भोवतालच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्या. शेळी थंडी सोसते, ओल सोसत नाही.

खुराडं गोठ्याला लागून असलं तर हरकत नाही, पण छत एक आणि दारं दोन असू द्या. कोंबड्या रात्री गव्हाणीच्या काठावर बसतात आणि सकाळी चाऱ्यात विष्ठा असते. ती पोटात गेली की करडांना ढाळ लागतात. दिवसा मात्र कोंबड्यांना गोठ्यात फिरू द्या, लेंड्या उकरून अळ्या खातात, एखादी गोचिडही टिपतात.

खुराड्याच्या जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं हवं आणि जाळी जमिनीत फूटभर गाडलेली हवी. मुंगूस खालून येतं, मांजर वरून आणि धामण कुठूनही.

गावात राहणाऱ्यांना चार-दोन शेळ्यांसाठी सहसा कोणी अडवत नाही. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर तिथले नियम आधी विचारा. शेजाऱ्यांनाही विचारा, पहाटे चारला कोंबडा आरवणार आहे.

२. काय काय जमवून ठेवायचं

पिल्लांसाठी:
- दीड फूट उंचीचा पुठ्ठा किंवा पत्रा, गोल रिंगण करण्यासाठी
- साठ वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब, होल्डर आणि वायर (एलईडी चालत नाही, कारण पुढे येईल)
- लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस, कोरडं
- उथळ पाण्याची भांडी, लहान पिल्लांचं खाद्य, साधा थर्मामीटर

करडांसाठी:
- टिंक्चर आयोडीन आणि झाकणाची लहान बाटली
- निपल असलेली दुधाची बाटली, दोन निपल जास्तीची
- जुने सुती कपडे, गोणपाट, चुना
- लटकवायचा वजनकाटा
- झाकणाची लोखंडी कोठी, कडी असलेली

शेवटची वस्तू चैनीची वाटेल. तशी ती नाही, पाचव्या पायरीवर कळेल.

कागदपत्रांचंही इथंच सांगते. स्वतःच्या पैशानं चार जनावरं घेतलीत तर खरेदीची पावती आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, एवढं जपलं तरी पुरतं. पशुसंवर्धन विभागाच्या अनुदानाच्या योजनेत अर्ज करायचा असेल तर आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि ८-अ किंवा घराचा उतारा, लागू असेल तर जातीचा दाखला, हे हाताशी ठेवा. नेमकी यादी योजनेप्रमाणे बदलते, म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. विमा काढणार असाल तर बिल्ला कानात हवाच. बिल्ला पडला की लगेच नवा मारून घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तीच अडचण होते.

३. पिल्लं कुठली आणि किती

घरच्या अंड्यांसाठी दहा-बारा कोंबड्या पुष्कळ होतात. पिल्लं थोडी जास्त घ्या, कारण नर-मादी एकत्रच मिळतात आणि निम्म्याच्या आसपास कोंबडे निघतात.

गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती परसातल्या पाळण्यासाठीच तयार केलेल्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवते, पिल्लं सांभाळते आणि घार दिसली की ओरडून सगळ्यांना झुडपात नेते. सुधारित जातीची कोंबडी अंडी बरीच जास्त देते, खुडूक मात्र क्वचितच बसते. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथं पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथं नाव नोंदवून एक दिवसाची पिल्लं मिळतात. खासगी हॅचरीतून घेतलीत तर मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस टोचली आहे का, हे विचारा. ती पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यायची असते.

दारोदार सायकलवर रंगवलेली पिल्लं विकायला येतात, ती घेऊ नका. मुलांचा हट्ट दोन दिवसांचा असतो आणि ती पिल्लंही बहुधा तेवढीच टिकतात.

सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, बल्ब कशाला, शेजारणीकडून खुडूक कोंबडी माग. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी तोच सगळ्यात सोपा रस्ता आहे. दहा-बारा ताजी अंडी, अंधारा कोपरा, डालग्याखाली कोंबडी आणि एकवीस दिवस. ऊब, पाणी, दाणा टिपायला शिकवणं, सगळं ती बघते. तुम्ही फक्त दिवसातून एकदा तिला खायला आणि विष्ठा टाकायला बाहेर काढायचं.

४. पिल्लांचे पहिले तीन आठवडे

पिल्लं यायच्या चार तास आधी बल्ब लावून रिंगण तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय, सगळीकडे विखुरलेली असतील तर ठीक आहे. एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं लागतंय.

आमचं काय झालं ते ऐका. घरातले सगळे बल्ब एलईडी. तेच दोन लावले, लख्ख उजेड पडला आणि आम्ही समाधानानं झोपलो. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. जानेवारीची रात्र होती. सकाळी अकरा पिल्लं ढिगाखाली गुदमरून मेलेली. थंडीनं मरण्याआधी ती एकमेकांखाली चेंगरून मरतात. म्हणून रिंगण गोल हवं, चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात ढीग लवकर होतो.

वीज जाणार हे धरूनच चाला. बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून रिंगणात ठेवायच्या आणि वरून अर्ध्या भागावर गोणपाट टाकायचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुरानं पिल्लंच काय, शेजारी झोपलेलं माणूसही उठत नाही.

पिल्लं आली की आधी पाणी. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा म्हणजे पाणी कुठं आहे हे त्यांना कळतं. पहिल्या काही तासांसाठी कोमट गूळपाणी, मग साधं. भांड्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजतं आणि भिजलेलं पिल्लू वाचवणं कठीण. पहिल्या दिवशी भुशावर कागद अंथरून मक्याचा बारीक भरडा टाका. तो कागद दुसऱ्या दिवशी काढाच. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते पुन्हा जवळ येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लहान पिल्लांचं तयार खाद्य, ज्यात वीस-बावीस टक्के प्रथिनं असतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शिळा भात, चपातीचे तुकडे, शेव वगैरे लाड दोन महिन्यांनंतर.

रोज संध्याकाळी एकेकाचं मागचं अंग बघा. विष्ठा वाळून गुद चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढा. ओढू नका.

लसी अशा:
- पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब (मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगासाठी)
- चौदाव्या दिवशी गंबोरो (याच नावाच्या रोगाची लस)
- अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा
- सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस

घोळ असा होतो की लसीची लहानातली लहान कुपी शंभर पिल्लांची असते आणि आपल्याकडे वीस. एकदा पातळ केलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली तर एका कुपीत सगळ्यांचं होतं. लस दुकानातून आणताना बर्फाच्या डब्यातच आणा. पाण्यातून देणार असाल तर क्लोरीनचं नळाचं पाणी वापरू नका.

एकाच वेळी बरेच पक्षी पटापट मेले तर ओढ्यात फेकू नका, उरलेले विकू नका आणि वाटूही नका. दवाखान्यात कळवा. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे.

५. शेळी निवडताना

आमच्या भागात उस्मानाबादी. काळी, उंच, दुष्काळात तगणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. नाशिक-नगरकडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, कोकणातल्या पावसाला कोकण कन्याळ. आपल्या भागातलीच जात घ्या. इंटरनेटवर फोटो बघून राजस्थानातून सिरोही मागवणाऱ्यांचे अनुभव मी बरेच ऐकलेत, त्यावर नंतर कधीतरी.

पहिली चूक आमची हीच: आठवडी बाजारातून पंधरा-वीस दिवसांची, आईपासून तोडलेली दोन करडं घेतली. गोंडस होती आणि स्वस्त होती. बाजारात शंभर गावांची जनावरं एकत्र येतात, पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि खोकला तिथूनच घरी येतो. त्यातलं एक आठवड्यात गेलं. मी त्याचं तोंड वर करून चमच्यानं दूध ओतत होते, ते फुप्फुसात गेलं.

सुरुवातीला दुसऱ्या वेताची (दुसऱ्यांदा व्यालेली), करडांसह शेळी घ्या, किंवा तीन महिने पूर्ण झालेल्या, दूध तुटलेल्या दोन पाटी (न व्यालेल्या तरुण माद्या). एकटं करडू घेऊ नका, कळपाचं जनावर आहे, एकटं असलं की ओरडत राहतं आणि खात नाही. शक्यतो पाळणाऱ्याच्या घरून घ्या म्हणजे आई दिसते.

बघायचं काय? शेपटीखालचं अंग कोरडं आणि स्वच्छ. खालची पापणी उलटून आतला रंग लालसर-गुलाबी. पांढरट असेल तर बहुधा पोटात जंत आहेत. नाक वाहत नाही, खोकला नाही. कास मऊ, दोन्ही सडांतून धार. वय सांगतील त्यावर विसंबू नका, दात बघा: खालच्या जबड्यात आठही दात बारीक असतील तर जनावर वर्षाच्या आतबाहेर, मधले दोन मोठे आले असतील तर सव्वा वर्षाच्या पुढचं.

घरी आणल्यावर तीन आठवडे जुन्या जनावरांपासून वेगळं बांधा. पहिले चार दिवस त्याच्या जुन्या मालकाकडचाच चारा द्या. हे विचारून, जमलं तर गोणीभर बरोबर घेऊनच या.

आता ती कोठी. पिल्लांच्या खाद्याची गोणी आम्ही गोठ्याच्या दाराशी टेकवून ठेवली होती. दुसऱ्या वर्षी एका शेळीनं रात्रीतून दावं सोडवून त्यात तोंड घातलं. सकाळी पोट गच्च, दात खाते, उभी राहीना. दाणा एकदम जास्त खाल्ला की पोटात आम्ल तयार होतं आणि एका दिवसात जनावर जातं. आमची डॉक्टर वेळेत आल्यानं वाचली. असं झालंच तर सगळा दाणा बंद, फक्त कडबा पुढे टाका आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

६. करडू जन्मल्यावर

शेळी साधारण दीडशे दिवस गाभण असते. फळल्याची (बोकड लागल्याची) तारीख भिंतीवर लिहा.

व्याल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसून करडू आईसमोर ठेवा. ती चाटते तेव्हा ते कोरडं होतं आणि त्याचं रक्त खेळतं, म्हणून आपण फडक्यानं पुसून चकाचक करायचं नाही. नाळ सहसा आपोआप तुटते. बाटलीत आयोडीन घेऊन नाळ पूर्ण बुडेल असं धरा, संध्याकाळी पुन्हा एकदा. नाळेतून गेलेला जंतू महिनाभरानं गुडघे सुजवून दिसतो, आणि तोवर कशामुळे झालं हे कोणाला आठवत नाही.

मग चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. दोन्ही सडांच्या पहिल्या दोन धारा पिळून टाका, टोकाला बसलेला चिकट बोळा निघतो. पहिल्या तासाभरात करडाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला पाव लिटर, चार-पाच वेळांत विभागून. आमच्या गावात अजून सांगतात, “वार पडेपर्यंत पाजू नको.” ऐकू नका. वार (गर्भाचं वेष्टन, जे मागाहून पडतं) पडायला आठ-बारा तास लागू शकतात, आणि चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट तासातासाला बंद होत जाते. उलट करडू लुचायला लागलं की वार पडायला मदतच होते. वार ओढू मात्र नका. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर.

एखाद्या शेळीला चीक जास्त असेल तर लहान बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या अनाथ करडाला तो कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवून द्यायचा. उकळला तर त्याचा खरवस होतो.

बाटलीवर वाढवायची वेळ आलीच तर:

पाजण्याआधी बोट करडाच्या तोंडात घाला. आतून थंड लागलं तर आधी ऊब द्या, मग दूध. गारठलेल्या करडाला दूध पचत नाही आणि गिळताही येत नाही. करडू चार पायांवर उभं, मान आईच्या सडाकडे जाते तेवढीच वर. ओतायचं नाही, त्यानं ओढायचं. दूध मनगटावर कोमट लागेल इतकं. शेळीचं नसेल तर गाईचं चालेल, पाणी घालू नका. पहिले दोन आठवडे दिवसातून चार वेळा, पुढे तीन. दिवसाचं एकूण दूध वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. करडू संपवून ओरडेल, बाटली चोखत राहील, तुमच्या मागे मागे फिरेल. तरी वाढवू नका. पिऊन झाल्यावर पोटाच्या कडा सपाट दिसाव्यात, फुगलेल्या नाही. मला हे शिकायला एक करडू आणि बऱ्याच हगवणी लागल्या.

हगवण लागलीच तर दूध एकदम तोडायचं नाही. थोडं थोडं करून द्या आणि दोन पाजण्यांच्या मधे मीठ-साखरेचं पाणी. विष्ठेत रक्त दिसलं तर डॉक्टर, घरगुती काही नाही. तीन आठवड्यांनंतर येणारी रक्ती हगवण बहुधा ओल्या जमिनीतून येते, म्हणून औषधाबरोबर गोठाही कोरडा करावा लागतो.

७. चारा आणि खुराक

दुसऱ्या आठवड्यापासून करडू पानं कुरतडायला लागतं. शेवरी, हादगा, सुबाभूळ, बोरीचा पाला जुडी करून तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलेला चारा शेळी तुडवते आणि मग खात नाही. महिन्याचं झालं की मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि क्षार मिश्रण मिळून मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, आणि तीन महिन्यांपर्यंत हळूहळू दीडशे. तुरीचं भुसकट आपल्याकडे मुबलक असतं, ते कायम समोर राहू द्या.

कण्हेर आणि घाणेरी कुंपणाला असेल तर उपटून टाका. ज्वारीचे कोवळे फुटवे, विशेषतः पावसाच्या ताणातले, शेळीला मिनिटांत मारू शकतात. पावसाळ्यात सकाळचं दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका. ओल्या गवतानं पोट फुगतं आणि जंतांच्या अळ्याही त्याच थेंबांबरोबर वर चढतात.

८. लसी, जंत आणि तीन महिन्यांनंतर

करडं तीन-चार महिन्यांची झाली की आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस, पंधरा-वीस दिवसांनी तिचाच दुसरा डोस, आणि मग दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर. पीपीआरची लस याच वयात. एकदा दिली की सुमारे तीन वर्षं चालते. लाळ-खुरकत वर्षातून दोनदा. एकाच दिवशी सगळ्या टोचून घेऊ नका, डॉक्टरांना वेळापत्रक लिहून मागा. जंताचं औषध वजनावर असतं, अंदाजावर नाही. वजनकाटा त्यासाठीच सांगितला होता. दर वेळी अंदाजानं कमी दिलेलं औषध जंतांना पचायला लागतं.

नर करडं चार महिन्यांत वयात येतात. आपल्याला ती अजून लेकरंच वाटतात आणि पाच महिन्यांनी कळतं की त्यांची बहीण गाभण आहे. म्हणून तीन महिन्यांनंतर नर वेगळे, किंवा डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यायचे. पाट वर्षाच्या आसपास आणि वीस-बावीस किलोंच्या पुढे गेल्यावरच फळवा.

विकणार असाल तर जिवंत वजनावर, आपल्या काट्यावर. नजरेनं भाव करणाऱ्याला नजर तुमच्यापेक्षा चांगली असते. आणि कुठला बोकड विकायचा आहे हे मुलांनी त्याला नाव ठेवण्याआधी ठरवा. आमच्या दारात ‘मोती’ नावाचा चार वर्षांचा बोकड आहे, त्याचं उत्पन्न शून्य.

नव्वदाव्या दिवसाच्या आसपास दूध तोडायचं. आठवडाभर एक वेळ, मग बंद, आणि करडं आईच्या नजरेआड. दोन्हीकडून तीन रात्री ओरडणं चालतं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.